चिठ्ठीत निघालेली विहीर

शाळेच्या स्टाफरूममध्ये एका शिक्षिकेने मला मोबाइलवर सातबारा बघायला शिकवलं. तिला तिच्या सासरचा उतारा हवा होता. ती शोधत होती तोवर मी सहज आमच्या गावचा गट नंबर टाकून पाहिला. आबांना, म्हणजे वडिलांना, जाऊन दोन वर्षं झाली होती; आई त्यांच्या आधीच गेली होती. त्यांचं नाव कमी होऊन आम्हा दोघा बहीणभावांची नावं लागली असतील, एवढंच डोक्यात होतं. उतारा उघडला तर त्यावर एकट्या भावाचं नाव. मग मी फेरफाराची नक्कल काढली. वारस म्हणून लिहिलं होतं, मुलगा एक. सोबत भावाचं प्रतिज्ञापत्र होतं की मयताला माझ्याशिवाय दुसरा कोणीही वारस नाही. खाली त्याची सही. ते वळणदार अक्षर मी लहानपणी गिरवून गिरवून शिकले होते.

मी नंदुरबारला शिक्षिका आहे. आमचं गाव सारंगखेड्याच्या थोडं पुढे, तापीच्या अंगाला. नऊ एकर जमीन, पण चढावर. नदी डोळ्यांना दिसते, तिचं पाणी काही वावरात येत नाही. सगळी भिस्त विहिरीवर. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तोच शेती करायचा आणि चांगली करायचा. वहिनी दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती. ते स्थळ मीच घरात सुचवलेलं.

रविवारी मी गावी गेले. भाऊ ओट्यावर फवारणीचा पंप धूत बसला होता.

"भाऊ, उतारामा मन्हं नाव कसं नही?"

त्याने मान वर केली नाही. "काय करनं शे तुले नावनं? तू काय वखर हाकशी?"

"नही हाकसू. पन मी आबानी पोर शे ना?"

"तुन्हं लगीन कयं, तुले शिकाडं, नोकरी लागनी. आजून काय पाहिजे?"

मी म्हटलं, नाव लाव, जमीन तूच कर, जन्मभर कर, मी बांधावरसुद्धा येणार नाही. मी ते मनापासून म्हणत होते. पण त्याला ते खरं वाटलं नाही. नाव लागलं की उद्या जावई वावरात येऊन उभा राहील, असं तो म्हणाला. माझ्या नवऱ्याला ज्वारी आणि बाजरीचं कणीस ओळखता येत नाही हे त्याला माहीत होतं, तरीही म्हणाला. वहिनी दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती आत निघून गेली.

"जाय, जठे जानं शे तठे जाय," भाऊ म्हणाला.

मी वकिलाकडे गेले. मुलीचा वाटा मुलाइतकाच, यात शंका नाही, असं त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं. वाटपाचा दावा तयार झाला. बारा पानं होती. प्रत्येक पानावर मी सही केली, पण वाचलं फक्त पहिलं पान. तिथे वादी म्हणून मी होते आणि प्रतिवादी म्हणून तो. त्यापुढे माझ्याने वाचवलं नाही.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला न्यायला कोणी आलं नाही. आमच्याकडे आखाजी लेकींची. केस पांढरे झालेल्या बायकाही माहेरी येतात, झोक्यावर बसतात. मी घरीच पुरणाच्या पोळ्या केल्या आणि शाळेचे पेपर तपासत बसले. नवरा म्हणाला, दावा मागे घे. मी त्याच्यावर ओरडले. कधी नव्हे इतकी ओरडले की नंतर मलाच लाज वाटली.

दावा चार वर्षं चालला. तारखेला आम्ही दोघं कोर्टाच्या व्हरांड्यात दोन टोकांच्या बाकांवर बसायचो. साक्षीच्या दिवशी माझ्या वकिलांनी भावाला विचारलं, "वादी ही तुमची सख्खी बहीण आहे, हे खरे आहे काय?" आयुष्यभर घरात अहिराणी बोललेला माझा भाऊ छापील मराठीत म्हणाला, "होय, वादी ही माझी सख्खी बहीण आहे, हे म्हणणे खरे आहे." टायपिस्टने ते टाइप केलं. न्यायाधीश पुढच्या प्रश्नाकडे वळले. मला मात्र बराच वेळ पुढचं काही ऐकू आलं नाही.

निकाल लागला. निम्मा वाटा त्याचा, निम्मा माझा. शेतजमिनीचे तुकडे कोर्ट स्वतः पाडत नाही, ते काम महसूल खात्याकडे जातं. काही महिन्यांनी मोजणीदार यंत्र घेऊन आले, सोबत एक अधिकारी. त्यांनी क्षेत्र सारखं धरून दोन भाग काढले, एक रस्त्याकडचा, एक नदीकडचा. कोणी कुठला घ्यायचा हे आधी सांगायला आम्ही दोघंही तयार नव्हतो. तेव्हा अधिकारी म्हणाले, "दोघांची तयारी असेल तर चिठ्ठ्या टाकू."

"टाका," भाऊ म्हणाला. मोठा म्हणून पहिली चिठ्ठी त्यानेच उचलली. रस्त्याकडचा भाग निघाला. त्याच भागात त्याने पपई लावली होती, फळं नुकतीच धरली होती. त्याच्या चेहऱ्यावर मला बऱ्याच दिवसांनी समाधान दिसलं. आम्ही कागदावर सह्या केल्या. मग चुन्याची रेघ ओढत माणसं नदीच्या बाजूने वर आली, तेव्हा आधी वहिनीच्या लक्षात आलं.

"हेर तिकडे गयी," ती हळूच म्हणाली.

रेघ विहिरीपासून दहा-बारा फुटांवरून गेली होती. विहीर माझ्या वाट्यात. आम्हा दोघांनाही तोवर सुचलं नव्हतं, कारण विहीर कोणाच्या वाट्याला जाऊ शकते असा विचारच आम्ही कधी केला नव्हता. मी घरी येऊन दाव्याची बाराही पानं वाचली. गट नंबर होता, क्षेत्र होतं, चतुःसीमा होत्या. विहिरीचा शब्द नव्हता.

आठवड्याने वहिनीचा फोन आला. भावाने मोटार बंद करून स्टार्टरची वायर सोडून ठेवली होती. मी शनिवारी शाळा सुटल्यावर थेट वावरात गेले.

"भाऊ, पानी घे ना. मी काय हेर पी जासू?"

"दुसराना हेरनं पानी मी नही घेस."

"मंग पपया?"

"मरू दे."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलतोय, दोन दिवसांत मोटार चालू करील. त्याने केली नाही. त्याने रस्त्याकडच्या भागात बोअर घेतला. खाली खाली जात नुसती धूळ वर आली. एका दुपारी वहिनीने स्वतः वायर जोडून मोटार सुरू केली, तर त्याने येऊन बंद केली आणि दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. पपईची पानं आधी छत्रीसारखी मिटली, मग पिवळी पडली. फळं लिंबाएवढी असतानाच गळू लागली. मी दर शनिवारी जाऊन ते पाहत होते. मला नाव हवं होतं. त्याच्या उभ्या पिकाचा जीव माझ्या हातात यावा, असं मी कुठे मागितलं होतं? पण सह्या तर माझ्याच होत्या.

वकिलांना भेटले. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या फायद्याचंच झालं की."

"विहीर सामाईक करायची आहे. काय करावं लागेल?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मिळालेलं परत देताय?"

"परत देत नाही. ती दोघांचीच होती. लिहायचं राहिलं."

मी महसूल खात्याकडे तसा अर्ज केला, चूक माझ्या दाव्यातली आहे असं स्पष्ट लिहून. भावाला नोटीस गेली. तो येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आला, इस्त्रीचा शर्ट घालून. अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

 भाऊ त्याच छापील मराठीत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "विहीर आमच्या वडिलांनी खोदली. तेव्हा आम्ही दोघं लहान होतो. दोघांनी माती वाहिली आहे. हिने पण वाहिली आहे."

मला पदराने तोंड झाकावं लागलं. अधिकारी म्हणाले, "म्हणजे हरकत नाही ना?"

"नाही," तो म्हणाला. सही केली आणि माझ्या आधी बाहेर पडला.

सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'विहीर सामाईक' अशी नोंद लागली, त्याच दिवशी त्याने मोटार चालू केली. माझ्या हातून घ्यायचं नव्हतं ते पाणी आता त्याच्या हक्काचं झालं होतं. पपई मात्र तोवर गेली होती. त्याने ट्रॅक्टर घालून ती उपटली. कमरेएवढी वाळकी खोडं बांधावर रचून ठेवली होती. मी तिकडे बघायचं टाळत असे. माझा भाग मी शेजारच्या एकाला निम्म्याने करायला दिला. पाण्याच्या पाळ्या वहिनीने ठरवल्या. ती मला फोन करून दिवस सांगायची. भाऊ बोलत नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मला त्याचा फोन आला. पाच वर्षांनी पहिल्यांदा त्याचं नाव स्क्रीनवर दिसलं. मला वाटलं, घरात कोणाला तरी काहीतरी झालं.

"मोटार जळी गयी," तो म्हणाला.

"मंग?"

"सामाईक शे. तू पन पाहिजे."

"येस मी," म्हणून मी लगेच निघाले.

मोटार भरून देणाऱ्याच्या दुकानात आम्ही जवळजवळ दोन तास एकाच बाकावर बसलो. दुकानदार तांब्याची तार गुंडाळत होता. भाऊ त्याच्याशी बेअरिंगबद्दल, व्होल्टेजबद्दल बोलला. त्याच्या गुडघ्याला पट्टा होता, ते मला माहीत नव्हतं.

"गुडघा दुखस का?" मी विचारलं.

"चढताना दुखस," तो म्हणाला.

मग त्याने मोटार उचलून गाडीत ठेवायला दुकानदाराला मदत केली, आणि पाळी उद्यापासून पहिल्यासारखी, एवढं सांगून निघून गेला.