जकात नाक्यावरून निहोनमाचीत

एकनाथराव सांगलीच्या जकात नाक्यावर एकतीस वर्षं होते, आणि त्या एकतीस वर्षांत बेदाण्याच्या खोक्यात बेदाणेच असतात यावर त्यांचा एकदाही विश्वास बसला नाही. पुढे जकात गेली, नाका गेला, सवय तेवढी राहिली. अमेरिकेत रेडमंडला मुलाकडे, सिद्धेशकडे आले आणि शेजारीण केक घेऊन आली, तेव्हा तिला आभार म्हणायच्या आधी त्यांनी सुनेला विचारलं, "हिला आपल्याकडून काय हवंय?"

म्हणूनच सिद्धेशने घरातला एक खटला वडिलांवर सोपवला. सिॲटलला निहोनमाची म्हणून जुनी जपानी वस्ती आहे. ती पायी फिरून दाखवणारी एक मोफत फेरी दर शनिवारी निघते. त्याच्या चौदा वर्षांच्या लेकीला, अनिकाला, उन्हाळाभर तिथे मदतनीस व्हायचं होतं.

"आबा, तुम्ही एकदा फिरून या. तुम्ही हो म्हणालात तर हो."

अनिकाचा चेहरा पडला. "डॅड, नो! आबा तर बर्थडे कार्डपण उजेडात धरून चेक करतात!"

फेरी नेणाऱ्या ग्रेसबाई पंचाहत्तरीच्या. मूळ जपानी, पण जन्म इथलाच.

"मोफत?" एकनाथराव नातीच्या कानाशी लागले. "काश्मीरला आम्हाला असाच एक भेटला होता. सगळं गोड बोलून दाखवलं आणि शेवटी शालीच्या दुकानात नेऊन सोडलं."

"आबा, प्लीज! शी कॅन हिअर यू."

"म्हणजे? मराठी येतं तिला?" त्यांचा संशय दुप्पट झाला.

चढावरचा बगीचा झाला, जुनं नाटकघर झालं, तळघरातलं बंद पडलेलं सार्वजनिक न्हाणीघर झालं. लोक इमारती बघत होते, एकनाथराव ग्रेसबाईंची पिशवी बघत होते. तिच्यातून एकही जाहिरात बाहेर आली नाही. हे तर फारच वाईट लक्षण! शेवटी बाई एका जुन्या हॉटेलातल्या चहाच्या दुकानात शिरल्या.

"आलं बघ दुकान," एकनाथराव समाधानाने म्हणाले.

पण बाईंनी बोट दाखवलं ते जमिनीकडे. तिथे एक काच बसवलेली होती. काचेखाली तळघर, आणि तळघरात ट्रंका, पेटारे, सुटकेसा. सगळ्यांवर धूळ. एकनाथरावांमधला इन्स्पेक्टर ताडकन जागा झाला. कचेरीतलं ठेवणीतलं इंग्रजी काढून त्यांनी विचारलं, "माल कोणाचा?"

"इथल्याच लोकांचा," ग्रेसबाई म्हणाल्या. "एकोणीसशे बेचाळीसला, युद्धात, सरकारने इथली सगळी जपानी कुटुंबं उचलून छावण्यांत नेली. हातात मावेल तेवढंच घ्या म्हणाले. उरलेलं लोक इथे ठेवून गेले. पुष्कळजण न्यायला परत आलेच नाहीत."

"आरोप काय होता?"

"आरोप नव्हता. संशय होता."

"मग तपासात सापडलं काय?"

"काही नाही. माझी आई तेव्हा तुमच्या नातीएवढी होती. घराची झडती घेताना तिच्या आईची लोणच्याची बरणीसुद्धा ढवळून पाहिली म्हणे."

एकनाथराव काचेतून खाली बघत राहिले. लेकीच्या घरी निघालेल्या एका म्हातारीच्या बरणीत त्यांनी स्वतः लोखंडी सळई घातली होती. निघाल्या होत्या त्या कैरीच्या फोडी. म्हातारीने ती बरणी पुन्हा उचललीच नव्हती. तशीच नाक्यावर ठेवून गेली होती.

अनिका त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी सिद्धेशला फोन लावला.

"पाठव पोरीला."

"नीट चेक केलंत ना, आबा?"

"केलं. बाई सरळ आहे." मग जरा घुटमळून म्हणाले, "पण दर शनिवारी मीही येणार."

"आबा! यू स्टिल डोन्ट ट्रस्ट हर?"

"तिच्यावर आहे गं विश्वास. तो चहावाला बघ! चहात दूध नाही, साखर नाही, आणि वर म्हणतो, एन्जॉय! त्याच्यावर कोणीतरी लक्ष ठेवायला नको?"