आहेराची टोपी

माझ्या इवायाएवढा मुक्कामी पाहुणा हिंगोली जिल्ह्यात झाला नाही आणि पुढंही होणार नाही. दोन दिवसांसाठी आला आणि पुरा उन्हाळा राहिला. इवाई म्हणजे व्याही, माझ्या लेकीचा सासरा. आमच्या कुरुंद्याकडं इवाईच म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिण्याची सवय नाही, तेव्हा सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. माझी बायको कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. पुढं तिचं बोलणं येईल, तेव्हा कुणी आशेवर राहू नये. गोष्ट इवायाची आहे, पण त्याची अर्धी गंमत तिच्यामुळं होती, हे मला ती गेल्यावर समजलं.

लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली होती. मुलगी झाली. जावई पुण्याला कंपनीत, त्याला रजा नाही, म्हणून बाळंतिणीला न्यायला त्याचा बाप आला. अंगणात हळद शिजवायची कढई चढलेली, त्या वाफेतून हा गडी हातात पिशवी घेऊन उगवला. पिशवीत एक पायजमा, एक सदरा आणि मोबाइलचं चार्जर. ‘जयभीम इवाई, परवा निघतो,’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी सारा देश बंद झाला. त्याचं गाव आमच्यापासून सायकलनं निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं एवढ्यावर. पण ते पडलं नांदेड जिल्ह्यात, आणि मध्ये जिल्ह्याची शीव, आणि शिवेवर पोलिसांचा नाका.

इवायानं जन्मभर पिठाची गिरणी चालवलेली. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून चढवून त्याचा गळा असा झाला, की कानात सांगितलेली गोष्टही तीन घरं ऐकतात. तोंडाला फडकं बांधल्यावर तो आणखी मोठ्यानं बोलायला लागला, कारण त्याला वाटायचं फडक्यात निम्मा आवाज अडकतो. सकाळी चहा झाला की ओट्यावर बसायचा, एका बाजूनं दोऱ्यानं बांधलेला चष्मा लावायचा, मोबाइल हातभर लांब धरायचा आणि बातम्या सुरू. त्याचा एक क्रम होता. आधी अमेरिका, मग दिल्ली, मग मुंबई, मग हिंगोली, आणि शेवटी आमची गल्ली. अमेरिकेत किती मेले आणि गल्लीत कुणाची शेळी कुणाच्या हळदीत शिरली, दोन्ही एकाच आवाजात. पेपर बंद पडलेले, त्यामुळं शेजारीपाजारी आपापल्या ओट्यावर येऊन बसायचे. सांगितलेलं अंतर गल्लीत तेवढ्या वेळापुरतं बराबर पाळलं जायचं.

बातमी नुसती सांगून त्याचं भागत नसे. तिच्यावर निकाल द्यायचा. ‘वीस सेकंद हात धुवा म्हनून राहिले. आपल्या नळाला पानी येते आठव्या रोजी. म्हंजे वीस सेकंद धुवा अन् आठ रोज वाट पाहा.’ मग थांबायचा. हे थांबणं महत्त्वाचं. तो चुलीकडं कान करायचा. चुलीपुढं माझी बायको भाकरी थापत असायची, आणि भाकरीवरची नजर न काढता ती बोलायची, ‘तुमी धुतलेत का पन? चहाच्या कपावर बोटं उमटलीत.’ गल्ली हसायची. तो मान हलवायचा आणि पुढची बातमी.

एकदा म्हणाला, ‘सारी दुनिया हळदीचं दूध पिऊन राहिली. हळदीनं रोग जवळ येत न्हाई म्हनतेत. हिथं तर मान्सं पायाच्या नखापासून पिवळी हायेत. आपल्याला काय व्हतंय?’

थांबला. चुलीकडून आवाज आला, ‘मंग जा की नाक्यावर, पाय दाखवा. पास कशाला पाह्यजे?’

आणि एकदा, अंतर ठेवा, कुणाला शिवू नका, अशी बातमी होती. ती वाचून त्यानं मोबाइल मांडीवर ठेवला. मग म्हणाला, ‘ह्या गावानं आपल्या आज्याला हेच सांगितलं व्हतं. आता सारं गाव एकमेकाला सांगून राहिलं. चला, समानता आली एकदाची.’ त्या दिवशी गल्लीत कुणी हसलं नाही, फक्त बायको हसली. तिला अशाच गोष्टींवर हसू यायचं.

बातम्या संपल्या की मोबाइलमधलं ज्ञान. समुद्रात एक प्राणी आहे, त्याला तीन काळजं असतात, हे मला त्यानंच सांगितलं. बायको म्हणाली, ‘मंग त्याची तकलीफ बी तिप्पट.’ इवायानं पुढचं काही वाचलं नाही. मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाला, ‘इहिनबाई, हे त्यायनं लिहायलाच पाह्यजे व्हतं.’ मी ह्या दोघांच्या मध्ये बसलेलो असायचो, रेडिओशेजारी ठेवलेल्या तांब्यासारखा. मला बोलायची गरज कधी पडलीच नाही.

आता इवाई म्हणजे मानाचा पाहुणा. त्याला काम सांगायचं नाही आणि त्याच्या ताटात गोड पाहिजे, ही आमच्याकडची रीत. दोन दिवसांच्या पाहुण्याला ती सोपी असते. पहिल्या दिवशी पुरणपोळी झाली. मग शिरा. मग दुकानं बंद, तेव्हा गुळवणी. मग नुसता गुळाचा खडा. शेवटी शेवटी ती त्याच्या ताटाच्या कडेला चिमूटभर साखर ठेवायची, आणि तो तीही आधी कपाळाला लावून मग खायचा. एकदा मी हळद पसरत होतो तर त्यानं फावडं उचललं. बायकोनं ते हातातून काढून घेतलं. ‘बसा तुमी. उद्या सोयऱ्याधायऱ्यात नाव व्हईल माझं.’ तो म्हणाला, ‘इहिनबाई, म्या आता पाव्हना राह्यलो न्हाई, मला रेशनकार्डात घाला.’ तरी फावडं मिळालं नाही.

आणि आहेर. पाहुणा निघाला की त्याच्या डोक्यावर नवी टोपी ठेवायची, खांद्यावर नवा टावेल टाकायचा, मग वाटं लावायचं. रिकाम्या डोक्यानं इवाई पाठवला तर लेकीला सासरी ऐकावं लागतं. बायकोच्या पेटीत एकच टोपी-टावेल होता. कापडाची दुकानं बंद, दुसरा आणायचा कुठून? पहिल्यांदा निघाला तेव्हा तिनं तो काढला, टोपी ठेवली. त्याचं डोकं मोठं, टोपी वर तांब्यावरच्या झाकणीसारखी बसली. नाक्यावर पास मागितला, पास नव्हता, संध्याकाळी इवाई परत. बायकोनं पाणी दिलं आणि हात पुढं केला. ‘द्या.’

‘काय?’

‘टोपी. पाव्हना वापस आला म्हंजे आहेर बी वापस. पुन्यांदा जाताना काय देऊ?’ टावेल धुवून, घडी घालून पेटीत.

दुसऱ्यांदा निघाला तेव्हा गावातूनच कुणाकडून तरी मोबाइलवर पास काढलेला होता, मालगाडीवाल्याशी बोलणं झालेलं. लेकीला नवी साडी, हातात हिरव्या बांगड्या, बाळाला नवं झबलं, ह्याच्या डोक्यावर कोरी टोपी, खांद्यावर कोरा टावेल. सारं रीतीनं. नाक्यावरच्या शिपायानं एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं.

‘कुठलं लग्न उरकून येऊन राहिले?’

‘लगीन न्हाई साहेब. बाळंतीण हाय.’

‘मंग टोपी कशाची?’

इवायानं त्याला आहेराची रीत पहिल्यापासून समजावून सांगितली, गिरणीच्या आवाजात. मागं गाड्यांची रांग लागली. लग्नाला बंदी होती, लग्नातून आलेल्यांना तर कुणी सोडत नव्हतं. ‘वऱ्हाडी मान्सं हायेत, माघारी फिरवा,’ असं ठरलं, आणि मानपानासकट सारे परत कुरुंद्याला. बायको दारातच उभी होती. हसून हसून तिला खाली बसावं लागलं. मग डोळे पुसून हात पुढं केला. ‘द्या.’

तिसऱ्या वेळेला ती शहाणी झाली. लेकीला जुनी साडी नेसवली, आणि टोपी-टावेल बाळाच्या दुपट्यात बांधून दिला. इवाई बोडक्या डोक्यानं निघाला. ‘घरी जाऊन ठिवा डोक्यावर,’ ती म्हणाली. ह्या वेळेला सुटले. त्या दिवशी संध्याकाळी ओटा इतका मोकळा दिसला, की बायको म्हणाली, ‘बातम्या लावा की काहीतरी.’ मी मोबाइल लावला. पण तो सांगायचा तशा त्या नव्हत्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात ती आजारी पडली. हिंगोलीला नेली. तिथून परत आली नाही. शेवटचं तोंड मी लांबून पाहिलं. ह्याच्यापुढं मला त्या दिवसांविषयी लिहायचं नाही.

आमच्यात बायको गेली की माणूस डोक्यावरची टोपी काढून ठेवतो. मग लेकीच्या सासरचं कुणी येतं, नवी टोपी ठेवतं, टावेल टाकतं आणि हाताला धरून दाराबाहेर आणतं. तोवर माणूस घरात. पण येणार कोण? लेक-जावई पुण्याला, दोघंही अंथरुणावर, पुन्हा नाके, पुन्हा बंदी. शेजारचे ओट्यावर भाकरी ठेवायचे, हाक मारायचे आणि लांब जायचे. कधी मी उचलायचो, कधी कुत्रं. इवायाचा फोन रोज सकाळी चहाच्या वेळेला वाजायचा. मी उचलत नव्हतो. टोपी आल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, आणि टोपी येणार नाही, तर मग बसलेलंच बरं, असं मनानं घेतलं होतं. वाईट वाटत होतं असंही नाही. काहीच वाटत नव्हतं.

एका दुपारी गल्लीच्या तोंडापासूनच आवाज आला. ‘इवाई, मोबाइल काहून उचलत न्हाई? फुटला का?’ सायकल होती. नाका टाळून शेतांमधल्या गाडवाटेनं आला होता, टायरला धूळ, तोंडाला फडकं, डोकं बोडकं. अंगणात उभा राहिला. पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काढलं.

‘नवं न्हाई,’ म्हणाला. ‘दुकानं बंद हायेत. हेच व्हतं.’

मी ओळखलं. टावेलाची घडी तिनंच घातलेली होती, अजून मोडली नव्हती.

‘तुमी वापरली न्हाई?’

‘घरी जाऊन ठिवा म्हनल्या व्हत्या. म्या म्हनलं, पुढल्या खेपेला जाऊ, इहिनबाईच्या हातानंच ठिवून घेऊ.’ त्यानं चष्मा सारखा केला. ‘आता तुमी बसा खाली. माझा हात पुरत न्हाई.’

मी बसलो. इतक्या दिवसांत कुणी इतक्या जवळ आलं नव्हतं. त्याच्या अंगाला घामाचा आणि पिठाचा वास येत होता. टोपी माझ्या डोक्यावर बराबर बसली.

‘पाहा,’ तो म्हणाला, ‘तुमच्याच मापाची हाय. मला दर खेपेला छोटी काहून व्हायची ते आज कळलं.’

त्यानं टावेल खांद्यावर टाकला, हाताला धरलं आणि ओट्यावर आणलं. ऊन होतं. शेजारचे आपापल्या दारात आले. इवाई त्याच्या जुन्या जागी बसला, हातभर लांब मोबाइल धरला आणि अमेरिकेपासून सुरू झाला. एक बातमी सांगितली, निकाल दिला आणि थांबला. सवयीनं आमच्या दोघांची मान चुलीकडं वळली.

आता तो रोज फोन करतो आणि मी उचलतो. टोपी मी वापरतो, कडेनं मळली आहे. क्रम तोच आहे. दिल्लीची बातमी झाली की तो थांबतो, तेवढाच थांबतो, भाकरी उलटायला लागेल तेवढा. मी फोन कानाशी धरून बसतो. मला तिच्यासारखं बोलता येत नाही, आणि मी तसा प्रयत्नही करत नाही. तोही वाट पाहून घेतो. मग गिरणीच्या आवाजात, पण जरा खालच्या, म्हणतो, ‘बरं. आता मुंबई.’