कुलूप लावलेल्या घरांवरची धुराडी

मी एकदा नसलेल्या चुली तपासून पास केल्या. एक-दोन नाही, अख्खी गल्ली. टेप लावून, वहीत आकडे मांडून, खाली लफ्फेदार सही ठोकून. ती सही मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला दोन वह्या खराब करून बसवली होती. शेवटच्या अक्षराची शेपटी उलटी फिरून पहिल्या अक्षराच्या डोक्यावर यायची, लग्नातल्या फेट्यासारखी. आज त्या बाईला बघते तेव्हा वाटतं, आधी हिच्या हातातलं पेन काढून घ्यावं.

ती बाई म्हणजे मीच. वय बत्तीस, खांद्याला पर्स, डोळ्यांवर काळा गॉगल. गॉगल उन्हासाठी नव्हता.

त्या वर्षांत पेपरात रोज यायचं की परवान्यांची कटकट संपली, आता ज्याला जो धंदा काढायचा तो काढा. बीडला धंदा काढायला फारसं कुणी येत नव्हतं, पण एक इंजिनियर आला. पुण्यात परदेशी भागीदारीच्या कारखान्यात नोकरी करून गावाकडं परतलेला. त्यानं एमआयडीसीत पत्र्याची शेड घेतली आणि एक नवी चूल काढली. धूर घरात न पसरता नळीनं छपरावर जायचा, आणि जाता जाता एका टाकीला वळसा घालायचा. भाकरी होईस्तोवर आंघोळीचं पाणी तापलेलं असायचं, त्याला वेगळं जळण नाही. चूल चांगली होती, हे मी आजही सांगते. चूल वाईट असती तर एवढा राग आला नसता.

परवाने संपले म्हणणाऱ्या त्या काळात ह्या इंजिनियरनं, म्हणजे आमच्या साहेबांनी, पहिली जागा भरली ती कागद सांभाळणारीची. कारण चुली सरकारी योजनेत बसल्या होत्या, आणि प्रत्येक चुलीमागं तपासणीचा एक फॉर्म होता. फॉर्मवर जबाबदार अधिकाऱ्याची सही लागायची. ती जबाबदार अधिकारी मी. दारावर पाटी लागली, ‘कंप्लायन्स मॅनेजर’. आमच्या घरी कापडाचं दुकान. तिथं बसून नवऱ्यानं विचारलं, “म्हणजे नेमकं काय करायचं?”

“नियम पाळायचे.”

“बरं. मला वाटलं शेळ्या.”

सासूबाईंना मात्र अभिमान. सकाळी लिंगपूजेवरून उठल्या की दारातून जाणाऱ्या प्रत्येकीला सांगायच्या, आमची सून चुलीच्या हापिसात साहेब झाली. शेजारणीनं एकदा विचारलं, “म्हंजी सगळ्या हापिसाचा सैपाक करती का?” मी आठ दिवस त्या शेजारणीशी बोलले नाही. एवढा मोठा माझा हुद्दा.

साहेबांनी मला पुण्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथं एका टायवाल्या गृहस्थांनी सांगितलं की तपासणी करणाऱ्यानं ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये, जे मोजता येतं तेवढंच खरं धरावं. मी ते वाक्य लाल शाईनं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. तेवढं एकच वाक्य घेऊन मी परत आले, आणि तेच घेऊन बुडाले.

फेब्रुवारीत आम्ही शिरूर कासारच्या बाजूच्या एका गावी गेलो. मी, जीपचा ड्रायव्हर, चुली बसवणारा मिस्त्री आणि त्याचा जोडीदार. गल्लीत शिरलो तर सगळ्या दारांना कुलपं. ह्यात मला नवल वाटायचं काही कारण नव्हतं. त्या भागातली निम्मी माणसं दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, आणि कारखाने बंद झाले की उन्हाळ्यात परत येतात. हे बीडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण वर बघितलं तर प्रत्येक पत्र्यातून आमचं नवं कोरं धुराडं उभं. माझी छाती भरून आली.

“आत चूल बसलीय ना?” मी विचारलं.

“एकदम फिट्ट हाय, मॅडम,” मिस्त्री म्हणाला. “पर किल्ल्या मान्सांसंगं गेल्यात ना.”

आत काय आहे ते ऐकीव होतं. धुराडं मोजता येत होतं. म्हणून मी धुराडं मोजलं. मिस्त्री शिडीवरून टेप धरायचा, मी खालून आकडा ओरडून वाचून घ्यायचे. छपराच्या वर दोन फूट, बरोबर. पावसाचं पाणी येऊ नये म्हणून वर टोपी, आहे. पाणी तापतं का, ह्या रकान्यात मी लिहिलं ‘समाधानकारक’. वापरणाऱ्या बाईची सही, ह्या रकान्यात ‘बाहेरगावी’. ह्या दुसऱ्या शब्दावर तर मी इतकी खूश होते की विचारू नका. दुसरी कुणी असती तर खोटा अंगठा घेतला असता, मी खरं लिहिलं!

आणि ऐका. एक धुराडं दोन इंच कमी भरलं. मी ते नापास केलं. मिस्त्री हात जोडायला लागला, “जाऊ द्या की मॅडम, दोन इंचानं काय हुतंय?” मी म्हटलं, “नियम म्हणजे नियम.” उन्हात तासभर बसून मी ते धुराडं बदलून घेतलं. चूल नसलेल्या घरावर.

हो, चूल एकाही घरात नव्हती. टाक्यांचा माल अडकला होता आणि मार्चअखेर फॉर्म जायला हवे होते. नळ्या तयार होत्या. साहेबांनी मिस्त्रीला सांगितलं, आत्ता पत्र्याला भोकं पाडून नळ्या उभ्या करा, माणसं आली की चुली बसवू. टोप्यासुद्धा सहाच होत्या. मी एका घरापाशी आकडा लिहीत असताना मिस्त्रीचा जोडीदार मागून चढून आधीच्या घराची टोपी काढायचा आणि पुढच्या घरावर ठेवायचा. एका टोपीला लाल रंगाचा डाग होता. तो डाग मला तीन घरांवर दिसला. मी मनात म्हटलं, वा, काय एकसारखा माल आहे.

नातवंडांना मी ही गोष्ट टोप्यांपर्यंतच सांगते. ती लोळून हसतात. मग मी चहा ठेवायला उठते.

पुढचं असं झालं. चैत्रात गारपीट झाली, मागोमाग दोन दिवस पाऊस. मे महिन्यात, माझ्या खोलीच्या दारात, पाटीच्या बरोबर खाली, एक बाई येऊन उभी राहिली. हातात गाठोडं, मागं तेरा-चौदा वर्षांची मुलगी. बाईनं गाठोडं माझ्या टेबलावर सोडलं. आत बाजरी होती. काळी, गोळे झालेली, मधून पांढुरके कोंब वाळून गेलेले. वासानं मी पदर नाकाला लावला. हे मला आठवतं, मी आधी पदर लावला.

“आमी कारखान्यावर गेलतो,” ती म्हणाली. “आलो तं दाराचं कुलूप जसंच्या तसं, आन् वरून घराला भोक. सगळं पानी कणगीत. कुनी पाडलं म्हनून इचारलं तं लोक म्हंत्यात, चुलीवाल्यानी. मग चूल कुटंय बाई?”

मी फाईल काढली. तिच्या घराचा फॉर्म काढला. त्यावर माझी फेटेवाली सही. दोन फूट, बरोबर. टोपी, आहे. समाधानकारक.

ती बाजरी साधी नव्हती. ही मुलगी चुलत्याच्या घरी राहून गावात सातवी झाली होती. आठवीचा वर्ग गावात नव्हता, शिरूरला होता, आणि तिथं तिची मावशी राहत होती. मावशीनं सांगितलं होतं, पोरगी ठेवते, पण तिच्या पोटाचं धान्य तुम्ही घालायचं, माझीच पाच खाणारी आहेत. म्हणून खरिपाची बाजरी ह्या बाईनं कणगीत राखून ठेवली होती. कारखान्यावर जातानासुद्धा त्यातली पायली उचलली नव्हती. बाजरी गेली म्हणजे आठवी गेली. पोरगी सहा महिने कारखान्यावरच्या कोप्यांत, पाचटाच्या झोपड्यांत, धाकट्या भावाला सांभाळणार, पाणी भरणार, मोळ्या बांधणार.

“गारपिटीची मदत मिळेल की,” मी म्हटलं.

“तलाठी देईना. म्हंतो, ह्या घराचं धुराडं टोपीसकट नीट हाय असा चुलीच्या योजनेचा कागद हाय माझ्यापशी. पानी कुठून शिरंल? चुलीवाल्यांकून लिहून आन म्हंतो, चूल बसवली न्हाई, नुसतं भोक पाडलं म्हनून. मग देतो म्हंतो.”

तिला माझ्याकडून एवढंच हवं होतं. एक ओळ. आणि ती ओळ खरी होती.

मी तिला बसवून साहेबांकडं गेले. साहेब शांतपणे म्हणाले, “मॅडम, गारा कंपनीनं पाडल्या का?”

“पण चूल नाहीये, साहेब.”

“मग तुम्ही पास कशी केली?” ते फॉर्मकडं बघत राहिले. “सही माझी नाही ह्याच्यावर. एका घराचं लिहून दिलंत की सगळी गल्ली येईल. योजना बंद, शेड बंद. आणि पोलीस विचारतील तेव्हा मी काय सांगू? आमच्या मॅनेजर बाई फार नियमाच्या आहेत म्हणून?”

मी बरीच वर्षं सांगत आले की साहेबांनी मला फसवलं. ते अर्धं खरं आहे. पुढच्या अर्ध्या तासात मी जे केलं त्यात साहेबांचा काही हात नव्हता.

मी खोलीत आले. ती बाई खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून खाली बसली होती. मी कंपनीचा छापील कागद घेतला आणि विचार करकरून लिहिलं, ‘सदर घराच्या धुराड्याची टोपी वादळी वाऱ्यात निघून गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ काय वाक्य होतं! खोटं म्हणावं तर ‘शक्यता’ होती, खरं म्हणावं तर काहीच नव्हतं. बाईला मदतही मिळेल आणि माझी सहीही वाचेल, असं मला वाटलं. मी स्वतःला हुशार समजत होते, आणि वर दयाळूही.

बाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद मुलीकडं दिला. मुलीनं तो मोठ्यानं वाचला, शाळेत धडा वाचतात तसा, एकही जोडाक्षर न चुकता. मग मान वर करून मला विचारलं, “पर बाई, चूल न्हाई म्हनून कुठं लिवलंय ह्यात?”

“ते त्यांना कळतं,” मी म्हटलं. “ऑफिसची भाषा असते ती.”

तिनं कागदाची घडी घातली. आईनं बाजरीचं गाठोडं बांधलं, टेबलावर सांडलेले दाणे हातानं गोळा करून तेही आत टाकले. खराब होते तरी.

पुढचं तुम्हीच ओळखा. तलाठ्यानं माझा कागद वाचला आणि म्हणाला, टोपी उडाली तर टोपी कंपनी देईल, सरकार कशाला? त्यानं तसा शेरा मारला, शेरा आमच्या ऑफिसात आला, आणि आम्ही नियमाप्रमाणं आठ दिवसांच्या आत त्या घरावर एक नवी टोपी बसवून दिली. मी स्वतः पोच घेतली. आता पाणी येत नव्हतं. आत काही उरलंही नव्हतं.

त्या महिन्यात योजनेचा पुढचा टप्पा मंजूर झाला म्हणून साहेबांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

जून गेला, शाळा सुरू झाल्या. मी काय केलं असेल? दुकानाच्या गल्ल्यातून पैसे घेऊन बाजरीचं एक पोतं जीपमध्ये टाकता आलं असतं. नवऱ्यानं एक शब्द विचारला नसता. पण पोतं द्यायचं म्हणजे कबूल करायचं, आणि कबूल करायचं म्हणजे पाटी काढायची. मी स्वतःला सांगायचे, मावशी आहे ना, ठेवून घेईल. मावश्या ठेवून घेतात. मग दिवाळीच्या खरेदीत दुकानात हात द्यावा लागला आणि मी विसरले. विसरले असं म्हणायचं मी ठरवलं होतं.

दिवाळी सरल्यावर टाक्या आल्या, आणि चुली बसवायला आम्ही पुन्हा त्या गल्लीत गेलो. माणसं निघण्याच्या आत काम उरकायचं होतं. ह्या वेळी मी प्रत्येक घरात वाकून शिरत होते. त्या बाईच्या घरापाशी आले तर दाराला कुलूप पडलेलं. रस्त्यावर मुकादमाचा ट्रक उभा होता. भांडी, गोधड्या, कोयते, कोंबड्या आणि वर माणसं. मुलगी गोधड्यांच्या ढिगावर बसली होती, मांडीत धाकटा भाऊ. माझ्याकडं बघितलं आणि भावाचं नाक पुसायला लागली.

बाई खाली उभी राहून हंडा वर देत होती. मी तिच्याजवळ गेले. कशी कुणास ठाऊक, पण ह्या वेळी ऑफिसची भाषा आली नाही. मी म्हटलं, “चूल नव्हती. मी आत न बघता सही केली. तुम्ही आलात तेव्हा मला माहीत होतं, तरी मी खरं लिहिलं नाही. माझी चूक आहे.”

तिनं हंडा वरच्या माणसाच्या हातात दिला. पदरानं हात पुसले. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि खरं सांगते, शिव्या मिळाल्या असत्या तर मी सुटले असते. तिच्या आवाजात राग नव्हता. चुकीच्या फाट्यावर उतरलेल्या माणसाला रस्ता सांगावा तसं ती म्हणाली,

“हे मला काहून सांगायलाव बाई? मला ठावं हाय. ज्याला ठावं न्हाई त्याला सांगा.”