गुरुजींनी दिलेलं उदाहरण

गुरुजींनी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, ‘शी इज टू डल टू लर्न.’ मग हातातला रूळ माझ्यावर रोखला.

“ही बघा. शी म्हणजे ही.”

वर्ग हसला. शाळा तपासायला चांद्याहून आलेले डिप्टी साहेबही हसले. धानोऱ्याच्या शाळेतला सातवीचा वर्ग. मुली दोनच. त्यात गोंडाची मी एकटी.

मला वाक्य लगेच कळलं: ही इतकी मठ्ठ की शिकूच शकत नाही. कळलं नसतं तर मीही हसले असते.

शिकवलं तर गुरुजींनीच होतं. त्यांच्या घरी, ओसरीवर. ते वर खाटेवर, मी खाली पायरीवर. ‘व्हेरी’ म्हणजे खूप. ‘टू’ म्हणजे नको तितकं, इतकं की पुढचं काम होतच नाही. चहा व्हेरी हॉट असला तर फुंकून पिता येतो, टू हॉट असला तर पिताच येत नाही. ‘इनफ’ म्हणजे पुरेसं, आणि ते गुणाच्या मागून येतं. पोरं ‘इनफ टॉल’ म्हणायची. मी ‘टॉल इनफ’ म्हणायची. घरी आम्ही गोंडी बोलायचो, मराठीसुद्धा शाळेतच शिकले. तरी माझं चुकत नव्हतं.

धडा सुरू व्हायच्या आधी मी त्यांचं अंगण झाडायची, सारवायची. माय जंगलातून चारोळी आणून द्यायची. गुरुजी घ्यायचे. म्हणायचे, “चांद्याच्या बोर्डिंगात एक जागा आहे. साहेब आले की तुलाच उभी करीन.”

उभी केली.

साहेबांनी विचारलं, “बोर्डिंगसाठी कोणाचं नाव?”

गुरुजींनी आपल्या भाच्याला पुढं केलं. “हा हुशार आहे. त्या पोरीलाही बोर्डिंगचं वेड लागलंय. पण जंगलातल्या पोरींचं डोकं चालून चालून किती चालणार?”

तेव्हा समजलं. वर्षभर त्यांच्या लेखी मी शिकतच नव्हते. फक्त अंगण सारवत होते.

मी फळ्यापाशी गेले. खडू उचलला. त्यांच्या वाक्याखाली लिहिलं, ‘आय नो इंग्लिश वेल इनफ टू रीड धिस.’

“गुरुजी, जिले शिकताच येत नाई, तिनं हे वाचलं कसं?”

“बस खाली!”

“नाई बसत.”

हसणं थांबलं. साहेबांनी दोन्ही वाक्यं वाचली. माझ्या वाक्यात चूक नव्हती, हे त्यांना दिसलं. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. ते म्हणाले, “फार बोलते ही.” आणि भाच्याचं नाव लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी अंगण झाडायला गेले नाही. माय घाबरली.

“जा वो बाई. गुरुजी नापास करन तुले.”

“करू दे. मी जात नाई.”

“काऊन? झालं काय?”

मी सगळं सांगितलं. तिला इंग्रजी वाक्य कळलं नाही. रूळ कळला. गुरुजींसाठी बांधून ठेवलेलं चारोळीचं गाठोडं तिनं सोडलं आणि घरातल्याच पोरांसमोर ओतलं.

“खा रे.”

गुरुजींनी मला नापास केलं. इंग्रजीतच.

मी दाखला मागायला गेले. आरमोरीला मायची बहीण राहायची, तिथल्या शाळेत पुन्हा सातवीला बसायचं होतं. गुरुजी दाखला लिहीत होते, मान खाली.

“मी इतकं शिकवलं तुला. आणि तू भर वर्गात माझी अब्रू घेतलीस.”

त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. क्षणभर मला माझीच चूक वाटली. त्या क्षणाची चीड मला अजून येते.

दाखल्यावरची शाई वाळेपर्यंत मी उभी राहिले. पाया पडले नाही. बाहेर पडताना दोन गोष्टी ठरवल्या. शिकणं सोडायचं नाही. आणि या माणसाला माफ करायचं नाही.

दोन्ही पाळल्या.