हजेरीतली पोर

"पाटी ठेव इथं. माझ्या घरी जा, बाईले पाणी भरून दे."

असं म्हणत गुरुजीनं माझ्या हातातली पाटी घेतली अन् बाजूच्या पोरीले देली. तिची फुटली होती. तिचा बाप गावातला मोठा शेतकरी. माझी पाटी बापानं डोणगावच्या बाजारातून आणलेली, नवी कोरी. सगळा वर्ग हसला. मी उठली अन् गेली.

त्या दिवशी पाणी भरलं. मंग ते रोजचंच झालं. सकाळी हजेरीत नाव आलं की "हजर" म्हणायचं अन् गुरुजीच्या घरी निघायचं. भांडे, शेण, लेकराचं धुणं. मास्तरीणबाई भाकरी थापायले बसवायची. वाकडी झाली की उलथणं हातावर. शाळेतल्या पोराइचे पाढे तिथपर्यंत ऐकू यायचे. मलेही पाठ झाले. पण अक्षर काही कानानं शिकता येत नाही.

बापाले सांगितलं. बाप म्हणे, "गुरुजी हायत ते. त्याइच्यापुढं आपण बोलावं काय?" बाप गुरुजीच्याच वावरात राबे. म्या पुन्हा काही सांगितलं नाही.

चौथी पास केलं मले.

वाचता न येणं म्हणजे काय, ते वाचणाऱ्याले समजत नाही. त्याले वाटते, पुस्तकापुरतं असन. औषधाच्या दोन बाटल्या आणल्या की सकाळच्या बाटलीले मी धागा बांधते. दवाखान्यात कोणत्या दारात जायचं, ते माणसाइच्या गर्दीवरून ओळखते. कोणी लिहिलेलं काही पुढं केलं की म्हणायचं, "चष्मा घरी राह्यला." माझ्याजवळ चष्माच नाही.

माय मोताळ्याले भावाकडं होती. जास्त झालं, ये म्हणून फोन आला. मोताळ्याले बुलडाण्यावरून जा लागते. मेहकरच्या स्टँडवर एका पँटशर्टवाल्याले इचारलं, "दादा, बुलडाण्याची गाडी कोणती?"

त्यानं मोबाइलमधून मान वर केली नाही. "एवढा मोठा बोर्ड हाय. डोळे हायत का गोट्या?"

बाजूचे हसले. पुन्हा कोणाले इचारायची हिंमत झाली नाही. समोरची गाडी भरून राह्यली होती, तिच्यात चढली. कंडक्टर गर्दीतून माझ्यापर्यंत आला तवा सुलतानपूर मागं गेलं होतं. गाडी लोणारची. उलट्या दिशेची.

मोताळ्याले पोचली तवा मायची राख गरम होती.

मंग मी गावातल्या त्याच शाळेत खिचडी शिजवायले लागली. गुरुजी कधीचे रिटायर झाले होते. शाळेत वाचनालय बांधलं, त्याले त्याइचंच नाव देलं. उद्घाटनाच्या दिवशी त्याइचा सत्कार. मांडव, खुर्च्या, सगळं गाव. नवे मुख्याध्यापक बाहेरगावचे. त्याइनं मले चुलीवरून बोलावून घेतलं.

"ताई, तुम्ही याच शाळेच्या, गुरुजींच्या विद्यार्थिनी. मानपत्र तुम्हीच वाचा."

माइक हातात देला. चष्म्याचं बोलणं ओठावर आलं होतं. तेवढ्यात गुरुजी खुर्चीवरून हसले.

"वाच, वाच. माझ्या हातची चौथी पास हायेस तू."

म्या माइक तोंडापाशी धरला.

"मले वाचता येत नाही. या गुरुजीनं माझी हजेरी लावली अन् चार वर्षं घरचे भांडे घासून घेतले. शिकवलंच नाही."

एका जणानं माइक ओढून घेतला. सरपंचाच्या पोरानं मानपत्र वाचलं. टाळ्या झाल्या. शाल, नारळ, फोटो. जातांना गुरुजी माझ्यापाशी थांबले. राग नव्हता तोंडावर. त्याइले खरंच समजलं नव्हतं.

"जेवाले घालत होतो ना तुले?"

घरी नवरा म्हणे, "काय भेटलं तुले बोलून?"

काहीच नाही. खिचडीचं काम गेलं. बाया पाणवठ्यावर बोलेनाशा झाल्या.

शेजारची सून रोज दुपारी बसवते मले. क काढला की फ दिसते. फ काढला की क. काल शिकलेलं आज राहत नाही. इळा धरणाऱ्या हातात पेन्सिल वळत नाही. आता येणार नाही ते. मले माहीत हाय. अंगठा देतच मरणार मी.

लोक म्हणतात, म्हातारा माणूस हाय, सोडून दे. नाही सोडत. उद्या गुरुजी जातील. शोकसभा होईन. यानं पिढ्या घडवल्या म्हणून सांगतील. मी जाईन तिथं. रडायले नाही. पुन्हा उभी राहीन, अन् काय घडवलं ते सांगीन. माइक कोणी देणार नाही. नको. माझा आवाज वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाते.