पोतनीसांच्या गाडीतली शिट्टी

नरहर पोतनीस मूळचे साताऱ्याकडचे. एकाहत्तर साली भोपाळला कारखान्यात लागले आणि टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्येच त्यांचा संसार झाला. विजेच्या मोठ्या मोटारी बाहेर पाठवण्याआधी तपासायच्या, हे त्यांचं काम. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून दांडी कानाला लावायची आणि मोटर चांगली की वाईट ते सांगायचं. त्यांनी नापास केलेली मोटर उघडली की आत हमखास काहीतरी निघे. "पोतनीस साब ने सुन लिया है," एवढं म्हटलं की वाद संपायचा.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना त्यांनी चार इमली वसाहतीतल्या एका अधिकाऱ्याची जुनी मारुती घेतली. दहा वर्षांची होती, पण नीट वापरलेली. त्यांच्या पत्नी शशिकलाबाई ग्वाल्हेरच्या. गाण्याची आवड माहेराहून आलेली. म्हणून पोतनीसांनी गाडीत कॅसेट प्लेयर, मागच्या फळीवर दोन स्पीकर आणि सीटखाली छोटा अ‍ॅम्प्लिफायर बसवला. सगळी वायर स्वतःच ओढली.

पहिल्याच दिवशी शाहपुऱ्याच्या तलावाकडे जाताना शशिकलाबाई म्हणाल्या, "अहो, ही शिट्टी कसली?"

"कसली शिट्टी?"

"गाण्याच्या मागे. तुम्ही गाडी पळवली की ती वर चढते, हळू केली की उतरते."

पोतनीसांनी प्लेयर बंद केला, पुन्हा लावला. गाणं स्वच्छ होतं. "इंजिनाचा आवाज असेल," ते म्हणाले.

"इंजिनाचा मला कळत नाही का? हा स्पीकरमधून येतोय. डासासारखा."

पुढचे तीन रविवार त्यात गेले. पोतनीसांनी प्लेयरची वायर बदलली, जोडांना पुन्हा डाख दिला, स्पीकर उघडून पाहिले. प्रत्येक वेळी विचारायचं, "गेला?" आणि शशिकलाबाईंनी मान हलवायची, "नाही." पोतनीसांना काही उमजेना. दोष असेल तर तो आपल्याला कळायलाच हवा, अशी अठ्ठावीस वर्षांची सवय. बाईंच्या मनात ही गाडी नव्हतीच की काय, असंही एकदा त्यांच्या डोक्यात येऊन गेलं.

शेवटी ते महाराणा प्रताप नगरात गाडीचे टेप बसवणाऱ्या श्यामकडे गेले. श्यामने इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावले आणि लगेच हसला. "बाबूजी, ये तो अल्टरनेटर की सीटी है. अर्थ देख लो, नहीं तो फिल्टर लगवा लो."

"हां, वही तो," पोतनीस म्हणाले. इंजिनावर फिरून गाडीची वीज बनवणाऱ्या जनित्राचा तो आवाज; तो अडवणारा फिल्टर त्यांनी घेतला. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं, पण ते श्यामला सांगणं त्यांच्या जिवावर आलं.

घरी येऊन फिल्टर बसवला. शशिकलाबाई म्हणाल्या, "थोडा कमी झालाय. आहे अजून."

त्या दिवशी जेवताना ते मनाशी हिशोब मांडत होते. दोन माणसं एकच गोष्ट सांगतात, तीही एकमेकांना न भेटता. मग आपण ऐकतोय ते काय? पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी स्पीकरच्या वायरमध्ये ते चालू-बंद करायला एक साधं बटण बसवलं, शशिकलाबाईंना पुढच्या सीटवर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले.

"हे काय आता?"

"तपासणी. इंजिन चालू आहे, गाणं बंद आहे. शिट्टी आली की हात वर कर, गेली की खाली."

ते मागे डिकीपाशी उभे राहिले. बटण दाबलं, सोडलं. बटणाच्या आवाजावरून कळू नये म्हणून मध्येच लागोपाठ दोनदा दाबलं, म्हणजे स्पीकर होता तसाच राहिला. कधी नुसतेच थांबले. शशिकलाबाईंचा हात वर जात होता, खाली येत होता. वीस वेळा केलं. वीसही वेळा हात बरोबर.

पोतनीस डिकीच्या काठावर बसले. मग उठून त्यांनी कान स्पीकरला जवळजवळ चिकटवला, बटण दाबलं, सोडलं. दोन्हींत फरक नव्हता.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. हात वर ठेव. मी सांगेपर्यंत ऐकत राहा."

त्यांनी मीटर आणला. एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला लांब वायरीने जोडलं, दुसरं अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूला टेकवलं. काटा शून्यावर राहायला हवा होता, तो हलला. अर्थची वायर त्यांनी सीटच्या बोल्टखाली दाबली होती आणि खाली पत्र्यावर रंगाचा जाड थर तसाच होता, त्यामुळे जोड नीट लागतच नव्हता. शिकाऊ मुलाने केली असती तर त्यांनी त्याला रागावून परत पाठवलं असतं, अशी चूक. काचपेपरने रंग खरवडून पत्रा चकचकीत केला आणि बोल्ट आवळला.

शशिकलाबाईंचा हात खाली आला. "गेला हो! एकदम साफ."

पोतनीसांना काहीच बदललेलं जाणवलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. खालचे स्वर ठीक होते, वरच्या स्वरांपाशी रेघ कड्यावरून पडावी तशी कोसळली होती. वय, गोंगाटातलं काम, दोन्ही असू शकतं, ते म्हणाले. कामावर आवाज अडवायला कानात घालायच्या गुंड्या मिळत. मोटर ऐकायची असते म्हणून पोतनीस त्या खिशातच ठेवत.

परतताना शशिकलाबाई गाडीत तो कागद पुन्हा उघडून बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी स्वयंपाकघरातून काही सांगायचे, तेव्हा तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत ते..."

"कधी?"

"नेहमीच. मग मी बोलणंच सोडलं ना तिकडून. मला वाटायचं, तुम्हाला कंटाळा आलाय माझा."

पोतनीसांनी गाडी बाजूला घेतली. "किती वर्षं झाली?"

"अलकाचं लग्न झालं त्याच्या आधीपासून."

अलका, त्यांची मुलगी, सहा वर्षांपूर्वी सासरी गेली होती. त्या काळातली एखादी हाक, एखादं वाक्य आठवतं का, म्हणून पोतनीस समोरच्या रस्त्याकडे बघत बसले. घर शांत असायचं एवढंच त्यांना आठवत होतं, आणि ती शांतता त्यांना आवडायची.

"काय सांगायचीस तिकडून?" त्यांनी विचारलं.

"आता काय सांगू? फालतूच असायचं. भाजी कोणती करू, असलं."

"तरी सांग."

शशिकलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. यांना नेमकं काय हवंय ते त्यांना कळेना. "दोडका करू का, असं विचारायचे," त्या म्हणाल्या.

"कर," पोतनीस म्हणाले, आणि त्यांनी गाडी सुरू केली.