अकरा उभी झाडं

सदर इसम नामे स्मिकिथोस, राहणार मौजे अखार्नाय, अथेन्सनजीक, वय सत्तावन्न, धंदा कोळसा पाडणे व शेती. मालमत्ता : जुनी ऑलिव्हची झाडे, नग अकरा. स्पार्टाच्या स्वारीत झालेले नुकसान : निरंक.

या निरंकानेच घात केला.

महिनाभर सगळं गाव अथेन्सच्या तटाआड, देवळांच्या ओट्यांवर पडून होतं. वेशीवरून रोज खबर यायची : आज वैऱ्याने सातू भादरला, आज वेली कापल्या, आज झाडं पाडली, आज मुलूख उजाड केला. दुसऱ्याच्या रानाचं वाटोळं करायला आपल्या भाषेत शब्दांचा तोटा नाही. झाड उभं सोडून दिलं, याला मात्र एकही नाही. त्यामुळे वैरी परतल्यावर स्मिकिथोस बांधावर आला, तेव्हा त्याच्या तोंडून काही फुटेना. चहूकडे राख आणि बोडकी थोटकं. मध्ये त्याची अकरा झाडं, फळांसकट.

"अथेनामायची कृपा हो!" बायको मेलित्ता रडायलाच लागली.

"कृपा की ओळख?" शेजारचा पाम्फिलोस पलीकडून म्हणाला. "स्पार्टात सोयरीक केलीस, दादा, आणि आम्हाला जेवायलाही बोलावलं नाहीस?"

"अरे, माझं रान शेवटचं. जुनं ऑलिव्ह लोखंड खातं. त्यांच्या कुऱ्हाडी बोथटल्या असतील, शिधा संपला असेल. जन्मभर लाकूड तोडतोय मी, मला विचार ना!"

"विचारू की. सभेत विचारू, सगळ्यांसमोर."

बांधावर माणसं वाढत गेली. कुणी ओरडत नव्हतं, हे जास्त वाईट. फितुराला या मातीत पुरूसुद्धा देत नाहीत. स्मिकिथोसने कुऱ्हाड उचलली आणि आज्याने लावलेल्या झाडावर घातली.

"अहो, वेड लागलं का!" मेलित्ता बुंध्याला बिलगली.

"सर बाजूला. झाडावरच भागेल, जिवावर यायचं नाही."

दुपारपर्यंत एकच पडलं. "म्हातारा मरेल रे, हात लावा," म्हणत पाम्फिलोस कुऱ्हाड घेऊन आत आला. मागोमाग वीसेक जण. थट्टा सुरू झाली, वाइनची सुरई फिरली. फौजेला महिन्यात जमलं नाही ते शेजारधर्माने दिवस मावळायच्या आत उरकलं, तेही पार मुळापासून. सगळे कोळसेवाले, अर्धवट काम कुणाला ठाऊक नाही. जाताना पाम्फिलोसने त्याच्या पाठीवर थाप मारली, "आता कसा आमच्यातला वाटतोस!"

दुसऱ्या दिवशी त्याची मागे राहिलेली कुऱ्हाड परत करायला स्मिकिथोस पाम्फिलोसच्या रानात शिरला आणि वाकून बुंधे पाहू लागला. लांबून थोटकं दिसलेल्या त्या झाडांच्या नुसत्या फांद्याच वैऱ्याने छाटल्या होत्या. बुंध्यांवर दोन-दोन टवके, बस्स.

दोन महिन्यांत त्यांना पालवी फुटली.